पाम, पॉकेट पीसी आणि सायन: द्राक्षबागेत वापरलेले तीन ऑर्गनायझर

मागच्या महिन्यात मोहाडीहून एका बागायतदाराच्या मुलाचा फोन आला. "ताई, काय करू राह्यल्या? जुना थॉमसन द्राक्षाचा प्लॉट काढायचाय. नवी लागण करायच्या आधी एक इचारायचं होतं. खालच्या कोपऱ्यातल्या वेली कायम मागं पडायच्या, आबा असताना तुम्ही काही लिहून ठेवलं होतं का?"

आबा आता नाहीत. त्यांच्या बागेला मी २००४ ते २०१० सल्ला देत होते. फोन कानाला लावूनच मी लॅपटॉपवर जुनी फाइल उघडली, प्लॉटचा नंबर टाकला आणि सात वर्षांच्या नोंदी समोर आल्या. छाटणीच्या तारखा, फवारण्या, पाऊस, सगळं होतं. हे सगळं त्या काळी मी बागेत उभं राहून, तळहाताएवढ्या पाम एम१०५ वर लिहिलेलं.

मी नाशिक, दिंडोरी आणि निफाड तालुक्यांत द्राक्षबागांना पीक संरक्षणाचा सल्ला देते. फोनमध्ये सगळं येण्याआधीच्या दहा वर्षांत मी तीन वेगवेगळ्या घराण्यांचे ऑर्गनायझर, म्हणजे तारखा आणि नोंदी सांभाळणारी हातात मावणारी यंत्रं, वापरले. पाम, मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीवरचा पॉकेट पीसी आणि ब्रिटिश सायन. आज ही यंत्रं जुन्या बाजारात आणि हौशी लोकांकडे मिळतात. घ्यावीत का, असं मला दोघातिघांनी विचारलं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी माझं काम काय ते सांगायला हवं, नाहीतर तुलना कळायची नाही. द्राक्षात तारखेपेक्षा दिवस महत्त्वाचा. ऑक्टोबर छाटणी झाली की शेतकरी "आज तारीख किती" म्हणत नाही, "आज कितवा दिवस" म्हणतो. पोंगा (डोळे फुटणं) कधी, फुलोरा कधी, जीएचं (जिबरेलिक ॲसिडचं) डिपिंग, म्हणजे घड द्रावणात बुडवणं, कधी, विरळणी कधी, सगळं छाटणीपासूनच्या दिवसांवर. एका गावात वीस प्लॉट असले तर वीस वेगळ्या छाटण्या. त्यात निर्यातीचा माल असेल तर कुठलं औषध काढणीच्या किती दिवस आधी थांबवायचं तेही सांभाळायचं. २००६ च्या सुमारास अपेडाचं, म्हणजे केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेचं, ग्रेपनेट ही निर्यात द्राक्षांची नोंद ठेवणारी यंत्रणा आली आणि फवारणीची लेखी नोंद ही निर्यातदाराची गरजच झाली. तेव्हा माझ्या यंत्राला तीन गोष्टी यायला हव्या होत्या: बागेत उभ्याउभ्या पटकन लिहिता यावं, कुठल्या प्लॉटला आज काय करायचं ते न विसरता सांगावं, आणि लिहिलेलं पुढे माझ्या हातात राहावं. यातली तिसरी गोष्ट किती मोठी आहे, ते मला फार उशिरा कळलं.

त्याआधी माझ्याकडे डिजिटल डायरी होती, सगळ्यांकडे असायची तशी. फोन नंबरांना ठीक. माझ्या मॉडेलला कॉम्प्युटर जोडायची सोय नव्हती, आतलं आतच राहायचं. एवढं पुरे.

पाम एम१०५ मी २००२ मध्ये मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड घेतला. हे मॉडेल २००१ सालचं. मेमरी ८ एमबी, पडदा काळापांढरा, १६० बाय १६० ठिपक्यांचा. नुसती आकडेवारी वाचली तर आज कुणी हातही लावणार नाही. पण पाम ज्यांनी घडवला त्या जेफ हॉकिन्सनी पहिल्या पायलटच्या वेळी खिशात मावेल असा लाकडाचा ठोकळा बरोबर बाळगला होता आणि तो यंत्र असल्यासारखा वापरून बघितला होता, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. १९९६ मध्ये आलेल्या त्या पायलटपासून पामने एक शिस्त पाळली. रोज लागणारी गोष्ट एका दाबात समोर यायला हवी. खाली चार बटणं. यंत्र बंद असताना डेट बुकचं बटण दाबा, यंत्र चालू होतं आणि थेट आजचा दिवस उघडतो. मधे कुठला लोगो नाही, वाट बघणं नाही. मांडवाखाली डोक्याला तारा लागत असताना आणि समोर फवारणीवाले थांबलेले असताना याची किंमत कळते.

लिहायचं ग्राफिटीत. ही पामची अक्षरलिपी इंग्रजी अक्षरांचीच, पण प्रत्येक अक्षर बहुतेक एका झटक्यात. ए म्हणजे आडवी रेघ नसलेला, नुसता उलटा व्ही. डावीकडून उजवीकडे रेघ ओढली की मोकळी जागा, उजवीकडून डावीकडे ओढली की खोडलं. पडद्याखालच्या चौकटीचा डावा भाग अक्षरांना, उजवा आकड्यांना. माझ्या नोंदी बहुतेक आकड्यांच्याच. ओळ किती, मिली किती, दिवस कितवा. आठवड्याभरात हात असा बसला की पडद्याकडे न बघता लिहायला लागले. बोर्डो मिश्रणाच्या फवारणीचं काम चालू असलं की बोटं मोरचुदाने निळी व्हायची आणि त्या लिहायच्या चौकटीवर कायम एक निळसर डाग असायचा. तो अजून आहे. कपाटात ठेवलेला पाम मी त्या डागावरून ओळखते.

भर उन्हात या पडद्यावरचं स्वच्छ दिसतं. अंधारात बटण दाबून धरलं की अक्षरं हिरवट उजळतात. आणि वीज! रिमोटला लागतात तसले दोन बारीक सेल, कुठल्याही गावच्या किराणा दुकानात मिळणारे. मला ते काही आठवडे सहज पुरायचे. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत निफाडच्या बाजूला दिवसाचे कितीतरी तास लाइट नसायची. फोन चार्ज करायला लोक पिंपळगावात यायचे. माझं यंत्र सेल बदलला की चालू. सेल बदलताना साधारण मिनिटभर आतली मेमरी टिकते, तेवढ्यात नवे घालायचे. मी एक सेल काढून लगेच नवा घालायचे, मग दुसरा.

पण पामला पाम केलं ते लोकांनी लिहिलेल्या छोट्या प्रोग्रॅमनी. पामने प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना दार उघडं ठेवलं होतं आणि एकेकट्या माणसांनी बनवलेले प्रोग्रॅम हजारोंनी होते. त्यातले दोन माझे हातपाय झाले. पहिला डेटबीके. मूळ डेट बुकच्या जागी बसणारं कॅलेंडर. ते लिहिणाऱ्या गृहस्थांनी त्याची कमाई गोरिलांच्या संवर्धनाकडे वळवली, हे कळल्यावर मला ते पैसे देताना बरं वाटलं होतं. माझ्या भावाने त्याच्या क्रेडिट कार्डाने भरले. डेटबीकेत एक सोय होती, तरंगती नोंद. आजची ठरवलेली गोष्ट झाली नाही आणि 'झाली' अशी खूण केली नाही, तर ती आपोआप उद्यावर जाते, उद्या नाही तर परवावर. डॉक्टरला किंवा वकिलाला ही सोय बरी वाटेल. द्राक्षवाल्याला ती जीव वाचवणारी आहे, कारण आमच्या निम्म्या गोष्टी पावसामुळे पुढे जातात.

२००९ च्या नोव्हेंबरात फयान वादळ आलं. ११ तारखेला ते किनाऱ्यावर धडकलं आणि आमच्याकडे बागा ऐन नाजूक अवस्थेत असताना पाऊस झाला. त्या आठवड्यात माझ्याकडच्या जवळजवळ सगळ्या बागांच्या फवारण्या राहिल्या. वाफसा नाही, ट्रॅक्टर आत जात नाही, शेतकरी दर तासाला फोन करतोय. पाऊस थांबल्यावर सकाळी सहाला मी पाम उघडला तेव्हा राहिलेली प्रत्येक फवारणी त्या दिवसाच्या पानावर येऊन उभी होती, प्लॉटच्या नंबरासकट. कुणाची राहिली हे आठवायचं काम नव्हतं, फक्त कुणाकडे आधी जायचं हे ठरवायचं होतं. सगळ्या बागा वाचल्या नाहीत. पण विसरल्यामुळे एकही गेली नाही.

दुसरा प्रोग्रॅम हॅनडीबेस. आपले रकाने आपण पाडायचे. प्लॉट, वाण, छाटणी, औषध, प्रमाण, हवामान, शेरा. कंपनीने ठरवून दिलेल्या साच्यात बसायची सक्ती नाही. घरी आल्यावर यंत्र केबलला लावायचं, हॉटसिंक करायचं, की सगळ्या नोंदींची प्रत कॉम्प्युटरवर. तिथून साध्या सीएसव्ही फाइलमध्ये (तक्त्याच्या कुठल्याही प्रोग्रॅममध्ये उघडणारी साध्या मजकुराची फाइल), आणि तिथून कुठेही.

उणिवाही सांगते. मूळ मेमोपॅडमध्ये एका टिपणाला चारेक हजार अक्षरांची मर्यादा, मोठा अहवाल लिहिता येत नाही. फोटो नाही, रंग नाही, देवनागरी नाही. देवनागरी खरं तर माझ्या तिन्ही यंत्रांत नव्हती. मराठी शब्द रोमन अक्षरांत आणि तेही तोडून लिहायचे. 'खरड छाटणी'चं 'केएच', 'पाणी साचतं'चं 'पीएस'. त्या खुणांची किल्ली मी एका वहीत लिहून ठेवली होती, तुम्ही अशा काही खुणा वापरत असाल तर तुम्हीही ठेवा. याच काळात, २००४ मध्ये, भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि बंगळूरच्या पिकोपेटाने अमिडा सिम्प्युटर आणला. लिनक्सवर चालणारा, भारतीय भाषांचा विचार करून बनवलेला. तो वापरायची संधी मला मिळाली नाही, म्हणून या तुलनेत घेत नाही. पण असं यंत्र इथे बनावं ही गरज खरी होती, मी ती रोज बागेत अनुभवत होते.

आता पॉकेट पीसी. मायक्रोसॉफ्टने ही प्रणाली २००० मध्ये आणली आणि त्याच वर्षी आलेल्या कॉम्पॅकच्या आयपॅकने तिचं नाव केलं. २०६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, ३२ एमबी मेमरी, २४० बाय ३२० चा रंगीत पडदा. त्या काळात कॉलेज रोडवर एखाद्याच्या हातात आयपॅक दिसला की लोक थांबून बघायचे. मी घेतला तो दुसऱ्या कंपनीचा, २००३ मध्ये, आणि घेताना मनापासून वाटलं होतं की पामचे दिवस संपले.

दोन गोष्टींत तो सरस होता, यात वादच नाही. एक म्हणजे पॉकेट एक्सेल. छाटणीची तारीख एका घरात, आजची तारीख दुसऱ्या घरात, वजाबाकी केली की कितवा दिवस ते समोर. वीस प्लॉटचे दिवस एका पडद्यावर. पामवर मला ते असं सहज कधीच जमलं नाही. दुसरी गोष्ट चित्रं. डाऊनीचा पानामागचा पांढरा थर आणि भुरीची राख, या दोन रोगांत नव्या शेतकऱ्याचा गोंधळ होतो. रंगीत फोटो शेजारी धरून दाखवला की दोन मिनिटांत फरक डोळ्यात बसतो. शिवाय कडेच्या बटणाने आवाज रेकॉर्ड करता यायचा. दोन्ही हात वेलीत गुंतलेले असताना बोलून नोंद करायची.

पण तो कॉम्प्युटरची छोटी प्रत होता. वर डाव्या कोपऱ्यात स्टार्टची यादी, उजव्या कोपऱ्यात फुली. फुली दाबली तरी प्रोग्रॅम बंद होत नाही, नुसता मागे जातो. दहा प्रोग्रॅम मागे साचले की यंत्र मंद. चार्जिंग रोज हवं. आणि पॉकेट एक्सेलची फाइल सिंक करताना पीएक्सएल नावाच्या वेगळ्या प्रकारात बदलायची. कॉम्प्युटरवरून आलेल्या फाइलमधल्या आलेखांसारख्या काही गोष्टी वाटेत गळायच्या.

एका दिवाळीत ते घडलं. पाडवा, भाऊबीज, पुढे दोन दिवस पाहुणे, वर भारनियमन. निम्म्याहून कमी चार्ज असलेलं यंत्र पर्समध्ये तसंच राहिलं. पाचव्या दिवशी चालू केलं तर पडद्यावर पहिल्यांदा विकत घेतल्यावर येतो तसा स्वागताचा संदेश. त्या पिढीच्या यंत्रांत माणसाचं सगळं लिखाण बॅटरीच्या जिवावर जगणाऱ्या मेमरीत असायचं. बॅटरी पूर्ण गेली की सगळं पुसलं. पामचीही हीच गत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. फरक एवढाच की पामचे सेल हळूहळू उतरायचे, आधी बरेच दिवस इशारा द्यायचे आणि गावात मिळायचे. माझं शेवटचं सिंक अकरा दिवसांपूर्वीचं. ऑक्टोबर छाटणीच्या ऐन भरातले अकरा दिवस. पुढचा आठवडा मी स्कूटीवरून एकेका बागेत जाऊन शेतकऱ्यांच्या वह्यांतून तारखा परत लिहून घेतल्या. आबांनी त्यांची वही पुढे केली आणि म्हणाले, "पोरी, माझ्या वहीला चार्जिंग लागत नाही. पण तू लिहितीस ते जास्त कामाचं असतं, लिही परत." डोळ्यात पाणी आलं होतं. त्याच रात्री मी पामला नवे सेल घातले.

पुढे, २००५ मध्ये, विंडोज मोबाइल ५ पासून लिखाण टिकाऊ मेमरीत ठेवायची पद्धत आली. ती दोन वर्षं आधी आली असती तर कदाचित हा लेख वेगळा झाला असता.

तिसरा सायन. मुंबईच्या सायनशी याचा संबंध नाही, लंडनची कंपनी, १९८४ पासून ऑर्गनायझर बनवणारी. मर्चंट नेव्हीतल्या आतेभावाने त्याचा सीरिज ५एमएक्स मला दिला. चष्म्याच्या मोठ्या डबीसारखा. उघडला की कीबोर्ड पुढे सरकतो आणि पडदा मागे टेकतो, त्यामुळे पडद्यावर बोट टेकवलं तरी यंत्र कलंडत नाही. हे सरकणं मी पाहुण्यांना उगाच चारचारदा करून दाखवलं आहे. इतक्या लहान जागेत दहा बोटांनी टाइप करता येईल असा कीबोर्ड मी आजतागायत दुसरा पाहिलेला नाही. साध्या दोन पेन्सिल सेलवर चालतो. रात्री लाइट गेलेली असताना जेवणाच्या टेबलावर मी शेतकऱ्यांना द्यायची सल्लापत्रं त्यावर लिहायचे.

सायनमध्ये यंत्रावरच प्रोग्रॅम लिहिता यायचा, ओपीएल भाषेत, कॉम्प्युटर न लावता. त्यात 'डेज' म्हणून एक सोय आहे. दिवस, महिना, वर्ष दिलं की १ जानेवारी १९०० पासून किती दिवस झाले ते सांगते. आजचा आकडा, वजा छाटणीचा आकडा. चार ओळींचा प्रोग्रॅम, मी शेती पदवीधर, आयुष्यात पहिल्यांदा लिहिलेला, आणि पहिल्याच दिवशी बरोबर उत्तर देणारा. "आज ४३ वा दिवस" असं जेव्हा पडद्यावर आलं तेव्हा मी आईला हाक मारून दाखवलं.

बागेत मात्र सायन जमत नाही. दोन हात लागतात, टेकायला जागा लागते. आणि २००१ मध्ये कंपनीने सामान्य ग्राहकांसाठी ही यंत्रं बनवणंच थांबवलं. त्याची प्रणाली मात्र पुढे सिम्बियन होऊन नोकियात गेली. तुमच्यापैकी ज्यांनी नोकिया ६६०० वापरला त्यांनी सायनचंच नातवंड खिशात घेऊन फिरवलं आहे.

आज तिन्ही घराणी संपलेली आहेत. पॉकेट पीसीचं विंडोज मोबाइल झालं आणि २०१० मध्ये विंडोज फोन आला तेव्हा जुने प्रोग्रॅम त्यावर चालेनात. पामची कंपनी त्याच वर्षी एचपीने घेतली आणि पुढे तीही वाट संपली. कंपनी गेल्यावर आपल्या लिखाणाचं काय होतं, ही खरी परीक्षा मी तिन्ही यंत्रांवर आता घेतली. पॉकेट पीसीच्या पीएक्सएल फाइली उघडायला भाच्याचे दोन रविवार गेले, आणि काही उघडल्याच नाहीत. सायनने बरं केलं. त्याच्या डेटा प्रोग्रॅममधून यंत्रावरच साधा मजकूर काढता येतो आणि कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डावर टाकता येतो. कार्ड रीडर लावला, फाइल मिळाली. पामच्या फाइलींची रचना आधीपासून उघड होती, त्यामुळे जगभरच्या लोकांनी त्या वाचायची मोफत साधनं लिहून ठेवली आहेत. माझ्या जुन्या कॉम्प्युटरच्या बॅकअप फोल्डरमधल्या २००४ च्या फाइली एका संध्याकाळी उघडल्या. आता ब्राउझरमध्ये चालणारा पामचा एम्युलेटरही, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅमही, आहे. माझा डेटबीके मी फोनवर पुन्हा चालताना पाहिला, त्याच तरंगत्या नोंदींसह.

फोन आल्यावर मीही एक शेतीचं ॲप वापरलं. दिसायला देखणं. दोन हंगामांनी ते बंद पडलं आणि नोंदी बाहेर काढायची सोयच नव्हती. त्यानंतर कुठलंही ॲप घेताना मी आधी 'एक्स्पोर्ट' कुठे आहे ते शोधते, मग बाकीचं.

घ्यायचाच असेल तर एम१०५ घ्या. घेताना सेलच्या कप्प्यात पांढरी-हिरवी पुटी नाही ना ते बघा, आणि लिहायच्या चौकटीत चारही कोपऱ्यांत टेकवून बघा. त्याची केबल जुन्या सिरियल पोर्टची आहे, यूएसबीचा कन्व्हर्टर सोबत लागेल. सायन घेत असाल तर दहा वेळा उघडून मिटून बघा, पडदा एकदाही रेघाळता कामा नये. पॉकेट पीसी मी सुचवणार नाही, जुनी बॅटरी बदलून मिळणं अवघड आहे. पामचं कॅलेंडर ३१ डिसेंबर २०३१ ला संपतं, तेवढं ध्यानात ठेवा.

मोहाडीच्या फाइलची सीएसव्ही मी त्या मुलाला व्हॉट्सॲपवर पाठवली. दहा मिनिटांनी त्याचा फोन. "ताई, उघडली. पण हे 'पीएस' दर वर्षी लिहिलंय, तेवढं काय ते कळंना."

मी किल्लीची वही काढून खात्री केली. पीएस म्हणजे पाणी साचतं. खालचा कोपरा, १४ ते १९ ओळी, सातही वर्षं. सातव्या वर्षीच्या शेऱ्यात पुढे एवढंच आहे: चर काढायला सांगितला, आबा म्हणाले पुढच्या लागणीला काढू.